दोन पाठ एकदम

डहाणू रोडच्या फलाटावर बाबांनी मला जवळ घेतले नाही. ते रेल्वेत पार्सल क्लार्क. चिकूच्या करंड्यांवरची चिठ्ठी तपासावी तशी त्यांनी माझ्या ट्रंकेवरची चिठ्ठी दोनदा तपासली. मग म्हणाले, "शुक्रवारी दिवा लावलास की पुस्तक उघड. मीपण उघडीन. पान एकच." आई नुसती रडत होती. मी नवऱ्याबरोबर इस्रायलला निघाले होते.

डहाणूत बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचे, आमचे एकच घर. सिनेगॉग नाही, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष नाहीत. मी तलासरीच्या शाळेत शिकवत असे. शुक्रवारी बस पकडून सूर्य मावळायच्या, म्हणजे शब्बाथ लागायच्या आत घर गाठायचे. दिवे लागले की बाबा आमच्या धर्मग्रंथाचा, तोराचा, त्या आठवड्याला जगभर नेमलेला पाठ मराठीतून वाचत. त्यांचा लाडका पाठ प्रवासाचा. मिसरातून सुटलेले लोक इथून निघाले, तिथे तळ दिला, पुन्हा निघाले, असे बेचाळीस मुक्काम. आई जांभया द्यायची. बाबा मात्र वाणगाव, बोईसर, पालघर म्हणावे तशा ठसक्यात एकेक नाव घ्यायचे.

इथे इस्रायलातल्या दिमोनात आल्यावर पहिल्याच वसंतात आमचे पान चुकले. वल्हांडण, मिसरातून सुटल्याचा सण, इथे सात दिवसांचा, बाहेरच्या देशांत आठ. सणाच्या शनिवारी नेहमीचा पाठ वाचत नाहीत, म्हणून आठवा दिवस शनिवारी आला की बाहेरचे लोक एक पाठ मागे पडतात आणि पुढे कधीतरी दोन पाठ जोडून बरोबरीला येतात. बाबांनी लिहिले, "तुझी गाडी पुढे गेली. जाऊ दे, गाठतो." आणि काही आठवड्यांत गाठलेही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तसेच झाले. पण तोवर मी पुस्तक उघडणेच सोडले होते. दिवसा कापडगिरणी, संध्याकाळी इथल्या इब्री (हिब्रू) भाषेचा वर्ग, शुक्रवारी अंगात त्राण नसायचे. बाबांना मात्र दर पत्रात लिहायचे, "वाचले." मला त्याची लाजही वाटत नव्हती, हे सांगताना आज वाटते.

त्या उन्हाळ्यात तार आली. बाबा मंगळवारी पार्सल ऑफिसात बसल्या बसल्या गेले. शोकाचे सात दिवस संपल्यावर त्यांचे पत्र आले, जाण्याच्या आदल्या दिवशी टाकलेले. "येत्या शुक्रवारी दोन पाठ एकदम वाचणार. प्रवासाच्या पाठाला आपण बरोबर. थांब हां."

ते मला गाठायला धावत होते, आणि मी तिथे नव्हतेच.

त्या रात्री मी दोन्ही पाठ मोठ्याने वाचले. मुक्कामांचे एकही नाव गाळले नाही.

पुढे आईही गेली. डहाणूत आता आपले कोणी नाही, तिथल्या घरात दुसरे लोक राहतात. इथे सिनेगॉग दोन मिनिटांवर आहे, दहाच्या जागी शंभर पुरुष जमतात. पण ज्या वर्षी ते अंतर पडते, त्या वर्षी घरी मी या लोकांबरोबर पुढे जात नाही. दिवा लावते, डहाणूहून आलेले बाबांचे मराठी पुस्तक उघडते आणि डहाणूच्या मागच्याच पानावर थांबते. शेवटी दोन पाठ एकदम वाचते. आता गाठायचे मला आहे.