नंदूचा वकील

कार्डं जमवायला आम्हाला चार वर्षं लागली. किस्से मात्र फुकटात जमले, आणि मेले कार्डांसारखे हरवतही नाहीत! रत्नागिरीत कुणी जुना भेटला की म्हणतो, “सुन्या, तो भातातल्या राक्षसाचा सांग ना.” मी सांगतो. लोक हसतात. एक-दोन किस्से मात्र मी नेहमी गाळतो. आज गाळत नाही.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मांडवीत माझ्या वडिलांचं झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान होतं. रविवारी दुपारी गिऱ्हाईक नसे. तेव्हा मागच्या खोलीत आम्ही चौघं कार्डांचा खेळ खेळायचो. पत्ते नव्हेत! राक्षस, जादूगार, वादळं असली चित्रं असलेली परदेशी कार्डं. ज्याने त्याने आपला साठ कार्डांचा गठ्ठा, म्हणजे डेक, स्वतः जुळवायचा. प्रत्येकाला वीस प्राण. समोरच्याचे वीसही संपवले की जिंकलात.

चौघं म्हणजे मी, माझा वर्गमित्र समीर, कोर्टात कारकून असलेले केळकरकाका आणि देवरूखहून कॉलेजला आलेला नंदू. आम्ही तिघं विशीतले, काका पंचेचाळिशीचे. पण हरल्यावर सगळ्यात जास्त रुसायचे तेच.

*

समीरचा भाऊ बोटीवर होता. सुट्टीवर येताना तो खरी कार्डं आणायचा, पण ती चौघांना कुठली पुरायला! मग मी खऱ्या कार्डांच्या झेरॉक्स काढल्या आणि आत्येबहिणीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून त्यांच्यावर चिकटवल्या. जाड कागद, फुकटचा कागद, मी खूश.

तीन आठवड्यांनी लक्षात आलं की मी सारखा हरतोय. एका रविवारी मी हातातलं कार्ड टाकणार, एवढ्यात केळकरकाका शांतपणे म्हणाले, “सुनील, तुझा ड्रॅगन येऊ दे. मी तयार आहे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्याच्या पाठीवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलंय. गेले तीन आठवडे वाचतोय मी.”

बरं, समीरलाही माहीत होतं, नंदूलाही माहीत होतं. एकाही मेल्याने सांगितलं नाही!

*

भातातला राक्षस तो हा. आमच्याकडे पावसाळ्यात कार्डं दमट होऊन वाकतात. समीरने डोकं लढवलं आणि खरी कार्डं तांदळाच्या डब्यात ठेवली. तांदूळ ओल ओढतो म्हणे. ओढतोही. पण त्याच्या आईला कुणी सांगितलंच नाही. सकाळी तिने मापटं भरून तांदूळ घेतले, धुतले आणि कुकर लावला.

जेवायला बसल्यावर समीरच्या वडिलांच्या ताटात एक लाल शिंगवाला राक्षस वाफाळत आला. समीरची आई ओरडली, “शिरा पडो तुमच्या खेळावर! माझ्या भातात भूत शिजवलंत!”

केळकरकाकांकडे आमच्या खेळाची एक वही होती. कोण जिंकलं, कुठलं कार्ड कुणाचं, सगळं त्यात कोर्टाच्या भाषेत लिहिलेलं असे. त्या रविवारी त्यांनी चष्मा पुसला आणि राक्षसाच्या नावापुढे लिहिलं, ‘उकडून मयत.’

*

काकांचा एक कायदा होता. जे मोठ्याने बोललं तेच घडलं. कार्ड गुपचूप टाकलं तर ते टाकलंच नाही. “कुठलं कार्ड, कशासाठी, कुणावर, तिन्ही बोला. नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ चालणार नाही,” असं ते म्हणत. कोर्टात आयुष्य गेलेलं माणूस, दुसरं काय म्हणणार!

नंदू आमच्यात आला तेव्हा इथेच घोडं अडलं. नंदू बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर ओठांवर अडून बसायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. कॉलेजात पोरं त्याची नक्कल करायची. मार्कलिस्टची झेरॉक्स काढायला तो दुकानात आला, मागच्या खोलीतला खेळ बघत दोन तास उभा राहिला, आणि पुढच्या रविवारी खेळायला बसला. कार्ड टाकायचा आणि बोटाने दाखवायचा.

काका म्हणाले, “याची नोंद होत नाही.”

मला राग आला. मी म्हटलं, “काका, कोर्टात पक्षकार स्वतः बोलतो का? वकील बोलतो ना? मग नंदूचा वकील मी!”

काकांनी वही उघडली. मग वहीत लिहिलं, ‘नंदकुमारतर्फे सुनील. वकालतनामा मंजूर.’ नंदू हसला. त्या दिवसापासून तो बोट ठेवायचा आणि मी बोलायचो. त्याचा चेहरा बघून मला कळायचं त्याला काय म्हणायचंय. पुढे पुढे मी चहावाल्याकडे त्याच्या वतीने बोलायला लागलो, न्हाव्याकडे, कॉलेजच्या ऑफिसात. मला या वकिलीचा फार अभिमान वाटायचा. अजून सांगताना मान खाली जाते, पण वाटायचा हे खरं.

*

नंदू शब्द बदलण्यात पटाईत होता. जो शब्द येणार नाही तो टाळून दुसऱ्या वाटेने जायचा. गणपतीपुळे म्हणायचं नाही, ‘समुद्राकडचं देऊळ’ म्हणायचं. पण गावाचं नाव कसं बदलणार? एसटीत कंडक्टरसमोर ‘देवरूख’ निघायचं नाही. मागचे लोक खोळंबायचे. म्हणून तो अलीकडच्या एका वाडीचं तिकीट काढायचा, तिचं नाव सोपं होतं. तिथे उतरायचा आणि उरलेली वाट चालत जायचा. दर शनिवारी, पाठीवर बॅग घेऊन.

हे त्याने मला एकदा अगदी सहज सांगितलं. मी काय करावं? पुढच्या शनिवारी स्टँडवर गेलो आणि कंडक्टरला सांगून त्याचं देवरूखचं तिकीट काढून दिलं. नंदूने तिकीट खिशात टाकलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, मी मोठंच काम केलं.

*

खेळात मात्र तो आमच्या सगळ्यांचा बाप होता. त्याने एक डेक रचला, तसला मी पुन्हा पाहिला नाही. मोठा राक्षस नाही, ड्रॅगन नाही. तीन फालतू कार्डं, एकेकटी कुणी फुकट घेणार नाही अशी. पण तिन्ही एकदम टेबलावर आली की रहाटगाडगं सुरू! डेकमधलं वरचं कार्ड उघडायचं, त्याचं नाव सांगायचं, ते तळाला सरकवायचं, समोरच्याचा एक प्राण कमी. पुन्हा वरचं उघडायचं. वीस वेळा फिरवलं की खेळ खलास. समोरचा नुसता बघत बसतो.

पण मेख अशी की नाव सांगितल्याशिवाय गाडगं पुढे सरकत नाही. कुठलं कार्ड निघेल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून ‘हेच वीस वेळा’ म्हणून सुटकाही नाही. वीस नावं. त्यातलं एकही बदलता येत नाही.

काका म्हणाले, “अरे नंदू, तुला हाच डेक बरा सुचला!”

नंदूने खांदे उडवले. नावं मीच घ्यायचो, कविता म्हटल्यासारखी धडाधड. आम्ही हरायचोच नाही.

*

पुढचा किस्सा मी नेहमी गाळतो. नंदूचे वडील एकदा दुकानात आले. भात आणि थोडा काजू करणारे, कमी बोलणारे गृहस्थ. माझ्यासाठी काजूची पिशवी आणली होती. मी म्हटलं, “काका, कशाला एवढं?”

“असू दे रे. तू त्याचं लय करतंस.” ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, “पण एक विचारू? रागावू नको हां. पूर्वी तो घरी बोलायचा. अडत अडत, पण बोलायचा. आता आय काय विचारायला गेली तर वहीत लिहून दाखवतो. परवा लिहिलं, सुन्याला विचारा.”

मी काजू घेतले. त्यांना चहा पाजला. आणि ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

*

मग दादरच्या एका हॉलमध्ये मोठी टूर्नामेंट असल्याचं समीरच्या भावाने कळवलं. तिथे झेरॉक्स चालत नाही, सगळी कार्डं अस्सल हवीत. चौघांची खरी कार्डं एकत्र केली तेव्हा कसाबसा एकच डेक उभा राहिला. कुणाचा, यावर चर्चाही झाली नाही. नंदूचा. काकांनी रजा टाकली. आम्ही तिघं नुसते सोबतीला निघालो.

पहिल्या राउंडला चौथ्याच खेपेला नंदूची तिन्ही कार्डं लागली. मी लगेच बघ्यांसाठी बांधलेली दोरी ओलांडून त्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि पहिलं नाव घेतलं. जज म्हणून एक तरुण मुलगी होती, ती धावत आली.

“तुम्ही कोण?”

“मी याचा वकील,” मी म्हटलं. आजूबाजूचे हसले.

“बाहेरच्यांनी बोलायचं नाही.” मग ती नंदूकडे वळली आणि विचारलं, “तुम्हाला कसं सोयीचं आहे? लिहून दाखवलंत तरी चालेल. वेळ मी वाढवून देते.”

मी म्हटलं, “मॅडम, त्याचं असं आहे की...”

“मी त्यांना विचारलंय.”

मी दोरीबाहेर आलो. नंदूने तिच्याकडून कागद-पेन घेतलं. मला वाटलं, चला, निभावलं. त्याने एक ओळ लिहिली, कागद समोरच्याला दिला आणि कार्डं गोळा करायला लागला. कागदावर लिहिलं होतं, ‘मी हरलो.’

*

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो. समीरने वडे आणले. मी तावातावाने बोलत होतो. हा काय नियम झाला, आम्ही एवढ्या लांबून आलो, लेखी तक्रार करू, काका मसुदा लिहितील. बराच वेळ माझंच चाललं होतं.

“स-सुन्या, गप ब-बस.”

नंदू कधीच असं बोलला नव्हता. 

तो म्हणाला, आणि त्याला पुष्कळ वेळ लागला, आम्ही कुणी मध्ये पडलो नाही, “त-तिने मला वि-विचारलं. तू क-कधी विचारलंस?”

खरंच, कधी विचारलं होतं? वकील व्हायचं मीच ठरवलं, मंजूर काकांनी केलं, आणि तो हसला तोच होकार असं आम्ही समजलो. तिकीट काढलं तेही न विचारता. मला त्याच्या वडिलांचं बोलणं आठवलं आणि इतकी लाज वाटली की हातातला वडा खाववेना. मी म्हटलं, “चुकलं रे माझं.”

काका पिशवीतून वही काढायला लागले. नंदूने त्यांचा हात धरला आणि मान हलवली. नोंद नको म्हणाला. मग एकटाच उठून आत गेला.

*

दुसरा राउंड. एकदा हरलं तरी तिथे पुढचे राउंड खेळता येत होते. समोर एक चष्मेवाला मुलगा होता, इंजिनिअरिंगचा असावा, अगदी सभ्य. प्रत्येक जण आपले प्राण कागदावर लिहितो तसे त्यानेही लिहिले होते, वीस. पाचव्या खेपेला नंदूची तिन्ही कार्डं लागली. मी दोरीबाहेर, हाताची घडी घालून.

नंदूने पहिलं कार्ड उघडलं. “ब...” मान ताठ झाली. डोळे मिटले. “ब-ब-ब्लॅक ट-टॉवर.” कार्ड तळाला गेलं. मुलाने वीस खोडून एकोणीस लिहिले.

दुसरं कार्ड त्याहून वाईट होतं. शेजारच्या टेबलांवरचे खेळ थांबले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या तोंडात ते नाव तयार होतं, दातांखाली दाबून धरलेलं. समीरने माझा दंड पकडला होता. नंदूच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण नाव आलं. अठरा. तिसरंही आलं. सतरा.

तेवढ्यात त्या मुलाने पेन्सिल ठेवली आणि हात पुढे केला. “समजलं मला. जिंकलास तू. उगाच त्रास नको करून घेऊस.”

जज म्हणाली, “त्यांनी हार मानली. मॅच संपली. अभिनंदन!”

समीर ओरडणारच होता. पण नंदूने हात मिळवला नाही. त्याचा हात डेकवरच होता.

“म-मॅच संपली,” तो म्हणाला. “म-माझं बोलून झ-झालं नाही. अ-अजून स-सतरा आहेत.”

मुलाने त्याच्याकडे बघितलं. मग जजकडे बघितलं. जजने घड्याळ पाहिलं आणि ती शेजारची खुर्ची ओढून बसली. मुलाने पुढे केलेला हात मागे घेतला, पेन्सिल उचलली, चष्मा सारखा केला.

“हं,” तो म्हणाला. “चौथं कुठलं?”