सनदेतले घोडे रोहिणखेडला

मलकापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या हातात पत्र्याची लांब नळी होती आणि तिच्यात आमच्या सागरी अभियंत्यांच्या मंडळाचे राजचिन्ह होते. विलायतेतील या मंडळाला बादशहांची सनद मिळाली, ढाल मिळाली, मुकुट मिळाला, आणि ढालीच्या दोन्ही अंगांना पुढून घोडा व मागून मासा असे दोन प्राणी मिळाले. मुंबई शाखेच्या सभागृहासाठी या चिन्हाचा मखमली पडदा हवा होता. "आमच्या वऱ्हाडात हे काम होईल," असे मी भर सभेत बोलून बसलो. घरातला पहिला पदवीधर मी. त्या सभेत प्रथमच तोंड उघडले होते. चिटणीससाहेबांनी बजावले, चित्रात केसाचाही फरक चालणार नाही.

रोहिणखेडला जायला दमणी (बैलांची हलकी गाडी) मिळाली.

"जहाजावर काय करता, बापू?" गाडीवानाने विचारले.

"इंजिन सांभाळतो."

"म्हंजे कोयसा टाकता."

मी परीक्षा, पदवी, सनद, सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "हाव. पन कोयसा टाकतेच ना कोनीतरी?"

तिथले मजीदचाचा पोळ्याच्या बैलांच्या झुली शिवत; पडद्याचे काम मी त्यांनाच देणार होतो. जुन्या मशिदीजवळच्या त्यांच्या ओसरीवर मी चित्र उलगडले. ढालीवरचा जहाजाचा नांगर पाहून चाचा खूश झाले. "हा तं विहिरीतली बादली काहाडाचा गय (गळ)! बादशाच्या घरीबी बादली पडते म्हना." मी राजचिन्हांचे महत्त्व समजावू लागलो. तेवढ्यात चाचींनी कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. ठेच्याने माझे व्याख्यान आटोपले.

आठ दिवस उंद्रीला घरी राहून परत आलो. पडदा तयार होता. जरीचा नांगर, मुकुटाला मणी, डोळे दिपले. आणि दोन्ही घोडे चारी पायांवर ताठ उभे!

"चाचा, माशाचं शेपूट कुठं गेलं?"

"तुमच्या चित्रवाल्यानं अर्धाच घोडा काहाडला होता, बाबू. घाईत असन बिचारा. मी पुरा करून टाकला."

"पण ते तसंच हवं होतं. उसवता येईल?"

"मखमल हाय. सुईचे भोकं राह्यतीन." चाचांचा चेहरा उतरला. "मुंबईले लागन म्हनून साऱ्या गावाले दाखवला न मी."

माझा शब्दही त्या मखमलीवरच टांगलेला होता.

चाचांनी घोड्यांच्या पायांवरून बोट फिरवत विचारले, "समुद्राचं पानी किती खोल असते?"

"पुष्कळ."

"घोडा बुडन इतकं?"

"घोडा काय, मशीदही बुडेल."

चाचांनी निळ्या रेशमाची लड काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही घोडे पोटापर्यंत लाटांत होते.

मुंबईत चिटणीससाहेबांनी चष्मा लावून चित्र आणि पडदा शेजारीशेजारी पाहिले.

"शेपट्या?"

"पाण्याखाली पाय आहेत, साहेब." मी खरे तेच सांगितले. घाईतल्या बिचाऱ्या चित्रकाराची गोष्टही सांगितली.

साहेबांनी पुन्हा एकदा लाटा निरखल्या. मग "हे चित्राबरहुकूम नाही," म्हणाले, आणि शिपायाला हातोडी व खिळे आणायला सांगितले.

त्याच दिवशी रोहिणखेडला कार्ड टाकले, पडदा लागला म्हणून. सनदेतली भाषा मला पाठ आहे आणि तिचा अभिमानही आहे. पण सभेला बसलो की नजर लाटांवर जाते. त्यांच्याखाली आठ पाय रोहिणखेडच्या जमिनीवर घट्ट उभे आहेत, हे त्या सभागृहात मला आणि चिटणीससाहेबांनाच ठाऊक आहे.