सोडतो म्हणणारी माणसं

तंबाखू सोडवायचं काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. केसपेपरच्या गठ्ठ्यासारखे ते आपोआप साचतात. तालुक्याच्या दवाखान्यात माझी खोली सगळ्यात शेवटची, एक्स-रेच्या पलीकडे. टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर सडलेल्या तोंडांची पोस्टर्स. अकरा वर्षं मी इथे बसून लोकांना खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू, सोडायला सांगते. तीच माणसं परत येतात, तेच म्हणतात, "सोडतो ना म्याडम." खरं सांगू? थकायला होतं. पण काही माणसं डोक्यातून जात नाहीत.

*

करडीकडचे एक रिटायर्ड गुरुजी होते. दर दोन-तीन महिन्यांनी यायचे आणि नव्याने शपथ घ्यायचे. एकदा माझा घसा पार बसला होता आणि बाहेर बाकावर पाच-सहा पेशंट वाट बघत होते. गुरुजी म्हणाले, "तुमी बसा जी, मी सांगतो." आणि त्यांनी माझं अख्खं लेक्चर दिलं. मी जिथे थांबते तिथे थांबले, जिथे विनोद करते तिथे विनोद केला. माझ्यापेक्षा चांगलं बोलले. बाकावरच्या एका गवंड्याने त्या दिवसापासून खर्रा खरंच सोडला.

लेक्चर संपवून गुरुजी बाहेर पडले ते सरळ समोरच्या पानठेल्यावर. मला खिडकीतून दिसत होतं.

पुढच्या खेपेला मी विचारलं, इतकं सगळं माहीत असून असं कसं? ते शांतपणे म्हणाले, "माहीत नाही म्हणून थोडीच खातो, म्याडम?"

अकरा वर्षं मी माहितीच वाटत होते.

*

शेवंताबाई गुडाखू घासायच्या. गुडाखू म्हणजे गुळातला तंबाखू, बोटाने दातांवर घासतात. त्यांनी तो चारदा सोडला आणि चारदा पुन्हा धरला. मी चिडून विचारलं, त्या डबीत एवढं आहे तरी काय? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, पहाटेपासून स्वयंपाक, मग भाताच्या रोवण्याला बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून, परत आलं की गुरं. मधे कुठे टेकलं की सासू विचारते, काहून बसली?

"घासत असली का कोनी काही नाही म्हनत. तेवढंच बसाले भेटते."

यावर माझ्याकडे पोस्टर नव्हतं. शेवटी मी म्हटलं, बसा तशाच, पण हातात कडूलिंबाची काडी घेऊन. दोन महिन्यांनी त्या आल्या. डबी सुटली होती. आता काडी अर्धा तास चालते, म्हणाल्या.

*

हा किस्सा माझाच आहे. शहापूरच्या एका ट्रक ड्रायव्हरच्या खर्र्याने आखडलेल्या तोंडात उभी दोनच बोटं जायची. निरोगी माणसाच्या तोंडात तीन जातात. त्याला बघून माझा तोल गेला. लेकरांचा तरी विचार करा, म्हणून मी ओरडले. तो यायचा बंद झाला.

ड्रेसिंगच्या शालूताई बँडेज गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ओरडलं का पेशंट पळते, हे तुमाले दरसालीच नव्यानं समजते काय?"

त्याआधी असे किती गेले होते, ते मला आठवायला लागलं. संध्याकाळी मी ड्रायव्हरला फोन लावला. रागावले नाही. दिवसातला पहिला खर्रा कधी खाता, एवढंच विचारलं.  तो म्हणाला, "हे कोनी इचारलंच नव्हतं."

आता तो येतो. खर्रा सुटलाय. बोटं मात्र अजून दोनच जातात. आखडलेलं तोंड पहिल्यासारखं होत नाही.

*

आणि सिहोऱ्याकडचे दशरथभाऊ आणि कौसल्याबाई. साठी उलटलेलं जोडपं. दशरथभाऊंनी खर्रा किती वेळा सोडला, ते मोजणंच मी बंद केलं होतं. प्रत्येक वेळी पाच-सहा दिवस टिकायचे आणि मग पुन्हा सुरू. एक दिवस ते तपासणीला आत गेल्यावर कौसल्याबाई हळूच म्हणाल्या, की खर्रा त्याच आणून देतात.

मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, सोडला की हा माणूस भाजीवरून ओरडतो, पाण्यावरून ओरडतो, दार लावलं तरी ओरडतो. पाचव्या दिवशी त्यांनाच सहन होत नाही. "मंग मीच पुडी हातात ठेवतो."

मी म्हटलं, या वेळी आठ दिवस लेकीकडे जाऊन राहा. लग्न झाल्यापासून त्या अशा कुठे राहिल्या नव्हत्या. तरी गेल्या.

पुढचं लेकीने सांगितलं. नवव्या दिवशी सकाळी दशरथभाऊ सायकलवरून तिच्या दारात हजर. चेहरा उतरलेला. म्हणाले, "घरी ओरडाले कोनीच नोहोतं. बैलावर ओरडलो, तो माह्याकडे पायतच राहिला."

कौसल्याबाईंनी त्यांना तोंड उघडायला लावलं. वास घेतला. काहीच नव्हतं. लेकीला वाटलं, आता आई पिशवी भरणार.

कौसल्याबाई परत बाजेवर बसल्या. म्हणाल्या, "तुमी जा. मी आनखी आठ दिवस राहतो."