बंगई खरवडली त्याची गोष्ट

घरातली लोखंडी बंगई, म्हणजे आमचा झोपाळा, मीच खरवडणार आणि मीच रंगवणार, असं मी जाहीर केलं, तेव्हा थोरल्या जाऊबाईंचा चहाचा कप ओठाशीच थांबला. लेकीचं डोहाळजेवण तोंडावर आलं होतं. आमच्याकडं सातव्या महिन्यात पोरीला फुलांनी सजवलेल्या बंगईवर बसवतात आणि ओटी भरतात. आणि मी पडले विधवा.

"शुभकार्याच्या वस्तूला तू कशाला हात लावतीस?" जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या पोराला सांगते. तो मारंल की एक हात."

हा 'एक हात' म्हणजे आमच्या घरची रीत. दर दिवाळीला जुन्या रंगावर नवा रंग चढवायचा, खरवडायचं नावच नाही. नवरा होता तोवर लुंगी खोचून तोच मारायचा, हिरव्यावर निळा, निळ्यावर चॉकलेटी. लोक अशा थरांमध्ये आठवणी शोधतात म्हणे. मला त्यात नुसता आळस दिसायचा आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलेलंही आहे.

ही बंगई माझ्या वडलांनी सोयगावच्या लोहाराकडून करवून मला लग्नात दिलेली. माझीच वस्तू, आणि मीच तिला शिवायचं नाही? डोहाळजेवणाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसायचं, हेही जाऊबाईंनी न बोलता ठरवून टाकलं होतं. मला ते कळत होतं आणि माझं डोकं तापलं होतं.

लेक बिडकीनच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिनं फोनवर आधी बंगई भंगारात द्यायला सांगितली. मी ऐकत नाही म्हटल्यावर तिनं नियम घालून दिले. "आई, जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासू नकोस, जाळून तर मुळीच काढू नकोस. ती धूळ बाळाला वाईट. सगळा वास गेल्याशिवाय मी घरात पाऊल टाकणार नाही."

औरंगपुऱ्यातल्या दुकानात मी पाण्यात घासायचा वॉटरपेपर, लाल प्रायमर आणि शिसं नसलेला रंग मागितला. दुकानदार माझ्या मागं कोणी दिसतंय का बघत होता. "पेंटर किधर है, खाला?"

"सामनेच खडी है," म्हटलं. त्यानं मुकाट्यानं डबा काढला.

बंगई उतरवायला मात्र जाऊबाईंचा पोरगाच आला, आईची नजर चुकवून. गच्चीवर प्लास्टिक अंथरलं. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, अंगात फेकायच्या लायकीचा गाऊन. शेजारीण पलीकडून ओरडली, "काय वं, फवारणीला निघाल्या का?" पाणी मारत मारत घासायचं, निघालेला चिखल फडक्यानं टिपून पिशवीत बांधायचा, झाडू लावायचा नाही. कपडे वेगळे धुवायचे, अंघोळ केल्याशिवाय पाण्याच्या भांड्यालाही हात लावायचा नाही. खांदे भरून आले. रोज वाटायचं, पुरे झालं, द्यावा एक हात मारून. मग जाऊबाईंचा चेहरा आठवायचा आणि मी पुन्हा पेपर उचलायची.

पाटाच्या कोपऱ्यातली एक कडी घासताना पेपर अडकला. रंग निघाला तशी आत खाच दिसली. झोके घेऊन घेऊन ती कडी झिजून काडीएवढी उरली होती, आणि दर दिवाळीच्या रंगानं ती खाच बुजवून कडी गुळगुळीत करून ठेवली होती. वरून बघणाऱ्याला ती धडधाकटच वाटली असती. या कडीवर माझी सात महिन्यांची पोटुशी पोर बसणार होती.

मी ती कडी काढून जाऊबाईंपुढं ठेवली. त्यांनी ती पाहिली, पण म्हणाल्या, "दैव बलवत्तर." माझ्या हाताचं नाव काही निघालं नाही. मी चारही कड्या नव्या करवून घेतल्या, प्रायमर दिला, वर मोरपंखी रंगाचे दोन हात दिले आणि बंगई वाळायला गच्चीवरच ठेवली. वास पार गेल्यावरच ती खाली टांगली आणि लेकीला बोलावलं.

डोहाळजेवणाला बैठक बायकांनी भरली. जाऊबाई तबक घेऊन उभ्या, मी ठरल्याप्रमाणं स्वयंपाकघराच्या दारात. हिरव्या साडीतली लेक बंगईकडं निघाली.

"थांब," मी म्हटलं. सगळ्यांमधून वाट काढत गेले आणि फुलांच्या मधोमध स्वतः बसले.

"अगं, हे काय करतीस?" जाऊबाईंचा आवाज चढला. "पहिली तू? आजच्या दिवशी?"

"कड्या नव्या हायेत, जाऊबाई. वजन पेलत्यात का नाय, ते पोटुशीला बसवून बघायचं का?"

मी पायानं रेटा दिला आणि चांगला मोठा झोका घेतला. कडी कुरकुरली नाही. बायका बघत राहिल्या, त्यांना बघू दिलं. मग बंगई थांबवली आणि लेकीला हात केला.

"ये, बस."

तिच्यासाठी मी थोडी सरकले. उतरले नाही.