अवेळी टाळ्या

आमच्या गावच्या जुन्या नाट्यगृहात काल एका लग्नाचं रिसेप्शन होतं. पडद्याच्या जागी झेंडूच्या माळा होत्या आणि हातात माईक घेऊन नवरीचे वडील, एकेकाळचे आमचे दिग्दर्शक. याच रंगमंचावर त्यांनी भर तालमीत माझी भूमिका काढून घेतली होती. सगळ्यांदेखत म्हणाले होते, “बाई, तुमच्याकडे बघणार कोण?” राग जुन्या नाट्यगृहासारखाच असतो, कितीही सजवा, आतला आवाज तसाच घुमतो.

त्यांचं भाषण लांबत चाललं. आमच्या गावचा प्रेक्षक कंटाळवाण्या नटाला शिव्या देत नाही, वाक्याच्या मध्येच टाळ्या वाजवतो. पहिल्या रांगेतून मी तशाच वाजवल्या. भाषण संपलं असं समजून बाहेरगावच्या पाहुण्यांनीही साथ दिली. दिग्दर्शकांना मात्र त्या टाळ्यांचा अर्थ ठाऊक होता. माईक हातात तसाच राहिला आणि ते बघत राहिले, फक्त माझ्याकडे.