तानाबाईनं निवडलेलं मशीन

कोल्हापुरातून उचगावकडं जाताना उजव्या हाताला अंधांची एक कर्मशाळा होती. तीन एकर जागा, मधोमध कौलारू इमारत आणि तिच्या मागं वसतिगृह. चाळीसेक माणसं तिथं राहून खुर्च्यांची वेतकामं करायची, खडू पाडायची, फायली बांधायची. १९९२ च्या जूनमध्ये तानाबाई तिथं रोजंदारीवर गवत कापायला लागली आणि तीन वर्षांनी कायम झाली. ती उचगावचीच. नवरा आकाराम उद्यमनगरात लेथवर कामाला. अंगानं काटक, बोलायला फटकळ, आणि एखादी गोष्ट करायची म्हटली की ती पुरी होईपर्यंत मान वर न करणारी बाई.

पावसाळ्याचे चार महिने तिथलं गवत नुसतं उसळायचं. एका टोकाकडून कापत दुसऱ्या टोकाला पोचावं, तर मागचं पुन्हा गुडघ्याला लागलेलं. बारा वर्षं तानाबाई उकिडवी बसून विळ्यानं ते कापत राहिली. २००४ च्या जुलैमध्ये मात्र एका सकाळी बसली ती उठताच येईना. दोन बायकांनी धरून उभी केली. डॉक्टरांनी कमर दाबून बघितली आणि सांगितलं, "आता वाकून काम बंद."

"मग काय उभ्यानं गवत कापू?" तानाबाई म्हणाली.

डॉक्टर हसले. पण तिच्याबरोबर आलेले कर्मशाळेचे सेक्रेटरी महांतेशअण्णा हसले नाहीत. उभ्यानं गवत कापायची मशिनं निघालीत, हे त्यांच्या कानावर होतं. पुढच्याच आठवड्यात ते तिला घेऊन लक्ष्मीपुरीत वीरेशच्या दुकानात गेले.

वीरेशनं दोन मशिनं पुढं मांडली. दोन्हींना लांब दांडा आणि खालच्या टोकाला गरगर फिरणारी नायलॉनची दोरी. ती दोरीच गवत कापणार. एक पेट्रोलचं होतं. पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं, वजनाला चांगलंच जड. दुसरं बॅटरीचं. हलकं, पण त्याच्या बॅटरीचा डबा कमरेला बांधायचा आणि रात्रभर चार्जिंगला लावायचा.

"बॅटरीचं किती वेळ चालतंय?" तानाबाईनं विचारलं.

"अर्धा तास, अक्का."

"अर्ध्या तासात काय हुतंय? माझं तीन एकर रान हाय." तिनं बॅटरीचं मशीन एका हातानं उचललं आणि परत ठेवलं. "हे खेळणं हाय. अण्णा, ते पेट्रोलचं घ्या."

"अक्का, त्याची दोरी वढून चालू करायला लागतंय. गड्याचं काम हाय ते," वीरेश म्हणाला.

तिथंच निर्णय झाला. गड्याचं काम म्हटल्यावर तानाबाई ते सोडून कशाला येतेय!

पहिले तीन दिवस मशीननं तिची फजिती केली. ती दोरी ओढायची, मशीन नुसतं खोकायचं आणि गप व्हायचं. कंपाउंडबाहेर रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. कुणी ओरडायचं, "मावशी, धक्का मारू का?" तानाबाई तिकडं बघायचीसुद्धा नाही. तळहाताला फोड आले. रविवारी आकाराम तिच्याबरोबर आला. मशीन त्यानं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "मनगटानं वढतीयास. खांद्यापास्नं वढ. आणि पयला थोडी वढून बघ, अडकल्यागत झालं की मग हिसका दे." तिनं तसं केलं. मशीन एकदम गरजलं. आकाराम दोन पावलं मागं सरला, तानाबाई मात्र जागची हलली नाही.

मग ऑगस्टचे पहिले दोन आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात थाटाचे गेले म्हणायला हरकत नाही. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं, दोरी कशी भरायची, सगळं ती शिकली. डोळ्यांना चष्मा, कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ, पायात आकारामचे जुने बूट. चार दिवसांचं काम एका दिवसात व्हायला लागलं. कमरेची चमक थांबली. संध्याकाळी घरी गेली तरी हातांत मशीनची थरथर असायची, आणि तिला ती आवडायची.

कर्मशाळेत वेतकाम शिकवायला हंबीरराव मास्तर होते. लहानपणी देवीच्या साथीत त्यांची दृष्टी गेली होती. ते वसतिगृहात राहत नसत. शहरातून रोज बसनं यायचे आणि फाटकापासून वर्गापर्यंत काठी टेकत एकटे जायचे. कुणी हात धरलेला त्यांना खपायचा नाही. बसची वेळ झाली की तानाबाई मशीन बंद करायची आणि मास्तर व्हरांड्यात चढले की पुन्हा चालू करायची. मात्र एका सकाळी बस पंधरा मिनिटं लवकर आली.

तानाबाई वाटेपासून थोडं आत गवतात कापत होती. पाठ फाटकाकडं, कान बांधलेले. अचानक मशीनला हिसका बसला आणि टक्कन काहीतरी उडालं. तिला वाटलं दगड असेल. वळून बघते तर उजव्या अंगाला दोन हातांवर मास्तर उभे. त्यांनी पुढं धरलेल्या पांढऱ्या काठीचं टोक फिरत्या दोरीनं कुरतडून टाकलं होतं. आणखी एक पाऊल, आणि दोरी त्यांच्या नडगीवर बसली असती.

तिनं मशीन बंद केलं. कानांवरचा स्कार्फ मागं सारला.

"कोण हाय?" मास्तरांनी विचारलं.

"मी हाय, मास्तर. तानाबाई."

"आणि मी कुठं हाय?"

तानाबाईनं वळून वाटेकडं बघितलं. "वाट सोडून गवतात आलायसा. आठ-धा पावलं."

मास्तरांनी काठीच्या टोकावरून बोटं फिरवली. मग सावकाश म्हणाले, "बावीस वर्षं ह्या वाटेनं येतोय, तानाबाई. आज पयल्यांदा आंधळा झालो बघ."

तिनं हात पुढं केला. तो हात त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता, पण तिच्या हालचालीवरून त्यांना कळलं असावं. "हात नगो," ते म्हणाले. "तू म्होरं चाल. बूट वाजवत चाल." ती बूट आपटत पुढं चालली आणि मास्तर तिच्या मागोमाग व्हरांड्यापर्यंत आले.

त्या दिवशी तिनं मशीन परत चालू केलं नाही. दुपारी चहाच्या वेळी ती वेतकामाच्या वर्गात गेली. दहा-बारा जण खाली बसून खुर्च्या विणत होते. ती दाराशी टेकली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही वाट कशी वळखताय ते मला सांगा."

"आवाजानं, आणि कशानं? फाटकातनं आत आलं की डाव्या अंगाला टाकीचा नळ गळतोय. म्होरं भिंतीवरनं काठीचा आवाज परत येतोय. तो यायचा थांबला की वळायचं. वळलं की ह्यांच्या गप्पा ऐकू येत्यात. मग तुझा विळा असायचा. खस्स, खस्स. तानाबाई हितं बसलीय म्हंजे गवत हितनं सुरू. ते मशीन चालू झालं की ह्यातलं काय बी उरत न्हाय. समदं पुसून जातंय."

कोपऱ्यातनं एक जण म्हणाला, "मशीन चालू असलं की आम्ही भायेरच येत न्हाय मावशी. संडासला जायचं तरी थांबून ऱ्हातो."

"दोन आठवडं? आणि एकानं मला सांगितलं न्हाय?"

मग मास्तरच म्हणाले, "तुझ्या कमरंचं आम्हाला ठावं हाय की. तुला बरं वाटतंय म्हणल्यावर कोण बोलणार?"

तानाबाई उठून बाहेर आली. डोळे पुसायला पदर वर नेला आणि तसाच खाली सोडला. रडून काय गवत कमी होणार नव्हतं. ती तडक महांतेशअण्णांच्या ऑफिसात गेली आणि मास्तरांच्या काठीचं झालेलं सांगितलं.

"अण्णा, माझं चुकलं. ते पेट्रोलचं मशीन हितं चालायचं न्हाय. बॅटरीचं पायजे."

अण्णांनी हातातला कागद खाली ठेवला. "मावशी, महिना झाला न्हाई अजून. तुम्हीच निवडलं की ते. मास्तर यायच्या आधी कापत जावा, न्हाईतर रविवारी कापा."

"आधी कापलं तरी वसतिगृहातली माणसं हितंच असत्यात. रविवारी तर समदी असत्यात. त्यांनी काय कान काढून ठेवायचं?"

"आणि ही लाइट? दिवसातनं पाच-पाच तास भारनियमन. तुमची बॅटरी भरणार कधी? अर्ध्या तासाच्या मशीनवर तीन एकर व्हणार कसं? कमिटीला मी काय सांगू?"

"व्हतंय का न्हाय ते दाखवतो. मग सांगा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती लक्ष्मीपुरीत गेली. वीरेशनं तिला लगेच ओळखलं. "या अक्का. काय, दोरी वढंना काय?"

"दोरी वढतोय मी. मला ते बॅटरीचं पंधरा दिवस पायजे. चालवून बघतो, जमलं तर संस्था घेईल."

"त्याला तुम्ही खेळणं म्हणाला हुता!"

"म्हणालो हुतो. आता खेळायला द्या."

वीरेशला हसू आलं. दुकानात दाखवायला ठेवलेलं मशीन त्यानं तिच्या हवाली केलं.

पहिल्या दिवशी तिनं ते सकाळी रात्रीच्या सरीनं ओल्या गवतात घातलं. उंच गवत दोरीला गुंडाळलं, मशीन घुमायचं थांबलं, आणि वीस मिनिटांत बॅटरी संपली. पायाखाली अंथरुणाएवढं गवत कापलेलं. खिडकीतून अण्णांनी बघितलं. तानाबाई मशीनशेजारी दगडावर बसून विचार करत राहिली. उंच, ओलं गवत ह्याच्यानं होणार नाही, हे उघड होतं. मग गवत उंच होऊच द्यायचं नाही. पण त्यासाठी आधी सगळं एकदा खाली आणायला हवं, आणि पेट्रोलच्या मशीनला तर ती आता हात लावणार नव्हती.

तिनं विळा काढला.

सहा दिवस ती विळ्यानं कापत होती. उकिडवं बसवेना, म्हणून गुडघ्याखाली पोतं घालून. घरी आल्यावर आकाराम तिच्या कमरेला तेल चोळायचा आणि बडबडायचा, "डाक्टरनं काय सांगितलं? वाकू नगो म्हणून सांगितलंय न्हवं? पुन्हा आडवी पडलीस म्हंजे?"

"पडलो तर पडलो. चोळ तू."

फाटक, वाट, व्हरांड्याची कड, वसतिगृहापुढचं मैदान, सगळीकडं गवत बोटभर झालं. मागची एकरभर जागा राहिली, ती तिनं सोडून दिली. तिकडं कोणी फिरकत नव्हतं. मग तिनं जागेचे तुकडे पाडले. दर दिवशी एकच तुकडा, तोही अकरानंतर, गवतावरचा ओलावा सुकल्यावर. बॅटरी रात्री लावायची. रात्री बहुतेक लाइट असायची. बोटभर सुकलेल्या गवतावर ते मशीन नीट चाललं. त्याचा आवाज म्हणजे टेबलफॅनपेक्षा थोडा जास्त.

पंधरावा दिवस. कमिटीची तीन माणसं अण्णांच्या ऑफिसात बसली होती. अण्णा फोनवर मुंबईच्या कुणा अधिकाऱ्याशी बोलत होते. फोन ठेवून ते खिडकीशी आले, तर खाली तानाबाई कापत होती.

"मावशी, आता चालू केलं काय?"

"धा मिनटं झाली की, अण्णा." फोनवर बोलताना अण्णांना त्याचा पत्ताच लागला नव्हता.

कमिटीतले एक गृहस्थ खिडकीतून डोकावले. तेवढ्यात मशीन मंदावत मंदावत बंदच पडलं. आदल्या रात्री दोन तास लाइट गेली होती, बॅटरी पुरी भरलीच नव्हती. गृहस्थ म्हणाले, "हे बघा. म्हणून म्हणतो, असलं काय कामाचं?"

तानाबाईनं कमरेचा डबा सोडून भिंतीला टेकवला आणि विळा घेऊन उरलेली पट्टी कापायला बसली. कापता कापताच बोलली, "साहेब, बंद पडलं तर मी हाय. ते दुसरं बंद पडत न्हाय, पण माणसं बंद पडत्यात."

गृहस्थांना त्याचा अर्थ लागला नाही. अण्णांनी त्यांना वेतकामाच्या वर्गात नेलं. तिथं मास्तरांनी त्यांच्या हातात कुरतडलेली काठी ठेवली आणि झालेलं सांगितलं. अर्ध्या तासानं सगळे बाहेर आले. बॅटरीचं मशीन घ्यायचं ठरलं. जोडीला एक जादा बॅटरी घ्यावी हे अण्णांनी आपणहून सुचवलं.

पेट्रोलचं मशीन वीरेशनं परत घेतलं नाही. वापरलेला माल कोण घेतो? ते मागच्या एकरासाठी राहिलं. दिवाळीत आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामं व्हायचं, तेव्हा तानाबाई ते बाहेर काढायची. तेवढे चार-सहा दिवस ती पोटभर गरजून घ्यायची. खोटं कशाला बोला, तिला ते अजून आवडायचं. आणि कमर म्हणाल, तर ती काही पुरती बरी झाली नाही. मशीन अडलं की विळा घ्यावाच लागायचा.

हंबीरराव मास्तर २००७ साली निवृत्त झाले. अण्णाही पुढं पद सोडून गेले. २००९ मध्ये आलेल्या नव्या सेक्रेटरीनं पहिल्याच आठवड्यात तिला बोलावलं. बॅटऱ्या आता जुन्या झाल्या होत्या, बारा-पंधरा मिनिटांवर टिकत नव्हत्या. तो म्हणाला, "बाई, चांगलं पेट्रोलचं मशीन पडून आहे, ते का वापरत नाही? एका दिवसात काम होईल."

तानाबाईनं त्याला सगळं सांगितलं. त्याला पटलं की नाही, कळलं नाही. तो म्हणाला, "बघू. ठरवू."

"ठरलंय, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही नव्या बॅटरीचं तेवढं बघा."

ती बाहेर आली. फायली बांधणारे दोघे जण जेवायला वसतिगृहाकडं निघाले होते, एकमेकांच्या खांद्यावर हात न ठेवता, गप्पा मारत. ते वळणावरून पलीकडं जाईपर्यंत ती थांबली. मग डबा कमरेला बांधला आणि बटण दाबलं.