कणगीखालची बाटली

दारूचं नाव काढलेलं आमच्या आईला खपत नसे. थोरले काका कधी शेजारी जाऊन काजूची पिऊन आले, तर त्यांचं ताट ती वेगळं ठेवायची आणि राखेने दोनदा घासायची. अशा बाईने एका फ्रेंच दारूच्या बाटलीची कित्येक वर्षं उस्तवार केली, तीसुद्धा घरात तान्हं मूल असल्यासारखी. मला ते अजून पचत नाही.

बाबा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. वर्ष-दीड वर्षाने घरी यायचे, दोनेक महिने राहायचे आणि पुन्हा मुंबईला जाऊन बोट धरायचे. ऐंशीच्या सुमाराला त्यांची बोट फ्रान्समध्ये बोर्दोच्या बंदरात अडकून पडली. कप्तानाचा तिथल्या एका द्राक्षमळ्याच्या मालकाशी घरोबा होता. एका रविवारी तो बाबांना मळ्यावर माशाचं सार रांधायला घेऊन गेला. आमचं तिखट खाऊन त्या म्हाताऱ्या मालकाच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण गडी खूश झाला. त्याने बाबांना सगळा मळा हिंडवून दाखवला आणि निघताना एक बाटली हातात ठेवली.

त्या मळ्याचं वर्णन बाबांनी इतक्यांदा केलं की तिथे मी वाट न चुकता फिरले असते. जमीन नुसती गोट्यांची, आटलेल्या व्हाळाच्या पात्रासारखी. वेली कमरेएवढ्याच, तारेवर बांधलेल्या. प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड, कारण रोग आला की तो आधी गुलाबावर दिसतो. दगडी घराखाली गार तळघर, तिथे लाकडी पिंपं आणि भिंतीशी आडव्या निजवलेल्या बाटल्या. त्यांच्यावरची धूळ कोणी पुसायची नाही. मालकाच्या आजाने भरलेल्या बाटल्याही तिथे होत्या म्हणे. त्यांतली नव्हे, पण वीसेक वर्षं मुरलेली एक मालकाने फोडली आणि बाबांनाही पेलाभर दिली. "आमसुलांचो आनी जुन्या पेटयेचो वास येता तिका," बाबा डोळे मिटून सांगायचे. मी कितवीत आहे, हे मात्र त्यांना दर खेपेला विचारावं लागे.

आमच्याकडे तळघर कुठलं? बाबांनी घरभर फिरून सगळ्यांत गार जागा शोधली, ती माजघरात भाताच्या कणगीखाली निघाली. पेंढा भरलेल्या खोक्यात त्यांनी बाटली आडवी ठेवली. "आताच फोडली तर नुसती तुरट लागतली," ते आईला म्हणाले. "धा वर्षां तरी निजांदे. ही पिकली की मी बोट सोडतलंय. मगे आपण दोघां पडवेर बसान फोडूया. तूय एक घोट घी गो."

आई लाजली होती. मी पाहिलंय ते. त्या दिवसापासून बाटली तिची झाली. वैशाखात ती खोक्यावर ओलं पोतं टाकायची आणि ते सुकलं की पुन्हा भिजवायची. उंदीर खोक्याशी गेले तर हातातलं काम टाकून धावायची. घरातली एकूण एक वस्तू पुसणारी ही बाई, त्या बाटलीवरच्या धुळीला मात्र तिने कधी बोट लावलं नाही. बाबा रजेवर आले की पिशवी खाली ठेवून आधी कणगीकडे वळायचे, बाटली उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "आजून येळ आसा." तेवढ्यावर आईचं पुढचं वर्ष निघायचं. मला तिचा राग यायचा. नवरा बोट कधी सोडणार, हे ती नवऱ्याला विचारायची नाही, बाटलीला विचारायची.

पुढे आखातात लढाई पेटली. तेलाच्या बोटींवर बॉम्ब पडतात असं रेडिओ सांगायचा. बाबा तेव्हा तिकडच्याच एका बोटीवर होते आणि कित्येक महिने त्यांची काही खबर नव्हती. आई जेवायला बसायची आणि ताट तसंच उचलून ठेवायची.

त्यातच राखणदाराचा दिवस आला. आमच्या माडांच्या आगराच्या टोकाला, फणसाखाली या न दिसणाऱ्या देवाची जागा. घरादाराची राखण तो करतो, म्हणून वर्षातून एकदा त्याला कोंबडा, भाकरी, विडी आणि दारू द्यायची. थोडी दारू जमिनीवर ओतायची आणि उरलेली पुरुषांनी प्रसाद म्हणून घ्यायची. काकांनी नेहमीप्रमाणे काजूची आणली होती. आईने ती बाजूला सारली आणि कणगीखालून फ्रेंच बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

"ही घाला," ती म्हणाली. "आनी प्रसाद नको. एक थेंब ठेवू नकात."

काकांनी बाटली हातात घेतली. बूच निघेना, तेव्हा त्यांनी ते सळईने आत ढकललं. मग गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, बोटीर गेलेल्या लेकराक सुखरूप घराक हाड, रे महाराजा." जमलेल्या सगळ्यांनी म्हटलं, "होय महाराजा." सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता. तांबडी दारू तांबड्या मातीत जिरत गेली. मी जवळच उभी होते. आमसुलांचा वास आला, मागून जुन्या पेटीचा. बाबा खरं बोलले होते, निदान तेवढ्यापुरतं. दारू पिकली होती.

बाबा आले. सुखरूप आले, थोडे वाळलेले. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिच्याशेजारून ते माजघरात गेले.

"बाटली खंय आसा?"

"राखणदाराक घातली. तुमी येवचास म्हणान."

"सगळी?"

"सगळी."

 त्या मालकाला काय वाटेल, बाबा म्हणाले. अशी दारू जन्मात पुन्हा हाती लागायची नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी फणसाखालून रिकामी बाटली शोधून आणली. पावसाने तिच्यावरचं मळ्याचं चित्र धुऊन नेलं होतं. ती मांडीवर घेऊन ते पडवीत बसून राहिले. घरात मयत झाल्यासारखी तोंडं करून आम्ही वावरत होतो. चौथ्या की पाचव्या दिवशी आईने त्यांना विचारलं, तोंडाने विचारलं, पहिल्यांदाच.

"आता बोट सोडतलास मा?"

"आता कित्याक सोडू?" बाबा म्हणाले. "बसान फोडूक काय उरलां?"

आई पिठाचा हात पुसत दारात आली. तिचा आवाज चढला नाही.

"ती बाटली इतकी वर्षां काळोखात पडान होती, म्हणान तिची तुमका कणव येता," ती म्हणाली. "आनी मी खंय होतंय?"

 महिनाअखेर बाबा मुंबईला गेले. बाटली नसती ओतली तरी गेलेच असते, असं मला वाटतं. त्यांनी आणखी काहीतरी पिकायची वाट बघितली असती. पण आईला वाटायचं, आपण बाटली ओतली म्हणून ते गेले, आणि त्याबद्दल मी बाबांना कधीच माफ केलं नाही. रिकाम्या बाटलीत आईने रॉकेल भरून ठेवलं.

पुढच्या वर्षी राखणदाराला काजूचीच दिली. काकांनी हात जोडून तेच गाऱ्हाणं घातलं, बोटीवर गेलेल्या लेकराला घरी आण म्हणून. सगळे म्हणाले, "होय महाराजा." मी आईकडे पाहिलं. ती कोंबड्याची पिसं गोळा करत होती, आणि तिने तोंड उघडलं नाही.